दोन कागदी पेले आणि एक तापमापी : अभिक्रियेतली ऊर्जा कशी मोजावी

फवारणीसाठी ड्रममध्ये युरिया कालवणाऱ्या कोणालाही विचारा, तो सांगेल की ड्रम बाहेरून गार लागतो. चुनकळीवर पाणी ओतणाऱ्या गवंड्याला उलटा अनुभव असतो: पाणी उकळतं, वाफा निघतात, आणि जवळ वाकून बघणाऱ्याचा चेहरा भाजू शकतो. पहिली प्रक्रिया उष्माग्राही, दुसरी उष्मादायी. इथवर दहावीच्या पुस्तकात येतं. किती उष्णता घेतली आणि किती दिली, हे मात्र बहुतेकांनी स्वतः मोजलेलं नसतं. प्रयोगवहीत आकडा असतो, पण तो बऱ्याचदा आधीच्या तुकडीच्या वहीतून उतरलेला असतो.

मोजणं अवघड नाही. मात्र आपण मोजतो ते तापमान आणि आपल्याला हवी असते उष्णता. या दोहोंच्या मधे पेला, हवा, ढवळणी आणि तापमापी स्वतः, असे बरेच वाटेकरी उभे असतात. त्यांचा वाटा हिशेबात धरला की शाळेच्या साधनांनीही पुस्तकातल्या आकड्याच्या दोन-चार टक्के जवळ जाता येतं.

आधी एक गैरसमज

"बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते" हे वाक्य जीवशास्त्राच्या तासाला एटीपीच्या (पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूच्या) निमित्ताने डोक्यात बसतं आणि मग निघत नाही. बंध तोडायला नेहमी ऊर्जा द्यावी लागते. ती बाहेर पडते ती नवे बंध जुळताना. हायड्रोजनच्या रेणूतला बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे डझनासारखं, रेणू मोजायचं एकक) ४३६ किलोज्यूल लागतात, क्लोरिनच्या रेणूतला तोडायला २४२. एकूण खर्च ६७८. मग हायड्रोजन क्लोराइडचे दोन मोल बंध जुळतात, प्रत्येकी ४३१, म्हणजे जमा ८६२. उरलेले १८४ किलोज्यूल बाहेर येतात. जमा जास्त तर अभिक्रिया उष्मादायी, खर्च जास्त तर उष्माग्राही.

चिन्हाचा गोंधळही इथेच मिटवू. पासबुक अभिक्रियेचं आहे, तुमचं नाही. तिने उष्णता बाहेर दिली की तिच्या खात्यातून रक्कम गेली, म्हणून चिन्ह उणे. पाण्याचं तापमान वाढलं तर एन्थॅल्पीतला (स्थिर दाबाखाली तिच्या उष्णतेच्या खात्यातला) बदल उणे, आणि उतरलं तर अधिक.

भांडं

परदेशी पुस्तकांत यासाठी कॉफीचा थर्मोकोलचा कप सांगतात. महाराष्ट्रात २०१८ पासून थर्मोकोलच्या पेल्यांवर आणि ताटांवर बंदी आहे, त्यामुळे ते शोधत बसू नका. दोन कागदी पेले एकात एक घाला, मधे थोडी पोकळी राहू द्या, आणि हा जोड कापूस भरलेल्या २५० मिलिलिटरच्या काचेच्या चंचुपात्रात उभा करा. जाड पुठ्ठ्याचं झाकण कापा आणि त्याला दोन भोकं पाडा, एक तापमापीसाठी, दुसरं ढवळणीसाठी. झाला तुमचा कॅलरीमापी. दुहेरी भिंतीचा स्टीलचा मग उष्णता छान धरतो, पण त्यात आम्ल ओतू नका. युरियासाठी तो चालेल.

खरी अडचण तापमापीची. शाळेतल्या ११० अंशांच्या तापमापीवर एकेका अंशाच्या खुणा असतात, म्हणजे अंदाजाने फार तर अर्धा अंश वाचता येतो. पुढच्या प्रयोगात तापमान साडेसहा अंशांच्या आसपास वाढणार आहे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या वाचनात अर्ध्या-अर्ध्या अंशाची चूक झाली तर एका अंशाचा फरक पडतो, म्हणजे पंधरा टक्के. मग पुढची सगळी आकडेमोड वाया. ०.१ अंशापर्यंत दाखवणारी तापमापी घ्या, काचेची किंवा डिजिटल. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारी डीएस१८बी२० ही जलरोधक तापमान-संवेदक तार आर्डुइनोला (छोट्या प्रोग्रॅम करता येणाऱ्या सर्किट-पाटीला) जोडली तर अंशाचा सोळावा भागही दिसतो. तिचं मूळ वाचन अर्ध्या अंशाने चुकलेलं असू शकतं. त्याने फारसं बिघडत नाही, कारण आपल्याला दोन तापमानांमधला फरक हवा आहे आणि दोन्ही वाचनं एकाच बाजूला सरकलेली असतात. म्हणूनच दोन द्रावणांसाठी दोन वेगवेगळ्या तापमाप्या वापरू नका. ताप बघायची तापमापी इथे निरुपयोगी आहे: तिची पट्टी साधारण ३५ ते ४२ अंशांची, आणि पाऱ्याची असेल तर वर गेलेला पारा झटकल्याशिवाय खाली येत नाही.

पेल्याचा वाटा काढणे

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. म्हणून तिच्यावर थोडा जास्त वेळ घालवू.

पेल्यात ५० ग्रॅम साधं पाणी घ्या, वजनकाट्यावर तोलून. मिलिलिटर चालणार नाही, कारण पुढे गरम पाणी लागणार आहे आणि तेवढ्याच आकारमानाच्या गरम पाण्याचं वजन कमी भरतं. पाच मिनिटं थांबून तापमान नोंदवा. समजा ते २७.० अंश आहे. दुसऱ्या भांड्यात ५० ग्रॅम पाणी ४७.० अंशांवर आणा. ते झटकन पेल्यात ओता, झाकण लावा, ढवळा. पेल्याने काहीच उष्णता घेतली नसती तर मिश्रण बरोबर ३७.० वर थांबलं असतं. समजा ते ३६.६ वर आलं.

आता हिशेब. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला ४.१८ ज्यूल लागतात, ही पाण्याची विशिष्ट उष्माधारकता. गरम पाणी १०.४ अंशांनी उतरलं: ५० × ४.१८ × १०.४ = २१७४ ज्यूल दिले. गार पाणी ९.६ अंशांनी चढलं: ५० × ४.१८ × ९.६ = २००६ ज्यूल घेतले. मधले १६८ ज्यूल पेला, ढवळणी आणि तापमापी यांनी मिळून खाल्ले, आणि तेही ९.६ अंशच तापले. १६८ ला ९.६ ने भागा: अंशामागे सुमारे १७ ज्यूल. हा तुमच्या कॅलरीमापीचा स्थिरांक. प्रत्येक पेल्याचा वेगळा येईल, म्हणून शेजारच्या गटाचा घेऊ नका. दोन-तीनदा करून सरासरी काढा. मिश्रणाचं तापमान ०.१ अंशाने चुकलं तरी हा आकडा पाव हिश्शाने बदलू शकतो. अंतिम उत्तरात मात्र तेवढ्याने एखाद्या टक्क्याचाच फरक पडतो, त्यामुळे फार जीव टाकू नका.

मुख्य प्रयोग : उदासिनीकरण

तीव्र आम्ल आणि तीव्र अल्कली एकत्र आले की मोलमागे सुमारे ५६ ते ५७ किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. हायड्रोक्लोरिक आम्ल असो की नायट्रिक, सोडियम हायड्रॉक्साइड असो की पोटॅशियमचं, आकडा जवळजवळ तोच, कारण सगळ्यांत घडणारी खरी गोष्ट एकच: हायड्रोजन आयन आणि हायड्रॉक्साइड आयन मिळून पाणी. बाकीचे आयन नुसते प्रेक्षक. दुर्बल आम्लात आधी विचरणाचा (रेणू आयनांत सुटण्याचा) खर्च वजा होतो, म्हणून उष्णता कमी येते असं शिकवतात. बहुतेकदा ते खरं. हायड्रोफ्लुओरिक आम्ल मात्र दुर्बल असूनही ६८ च्या आसपास देतं, कारण फ्लोराइड आयनाभोवती पाण्याचे रेणू फार घट्ट जमतात आणि त्यातूनही उष्णता सुटते. हे आम्ल शाळेत वापरायचं नाही, फक्त लक्षात ठेवायचं.

द्रावणं आदल्या दिवशी करून ठेवा, आळस म्हणून नव्हे. सोडियम हायड्रॉक्साइड पाण्यात विरघळतानाच मोलमागे सुमारे ४४ किलोज्यूल देतं. १०० मिलिलिटर पाण्यात ४ ग्रॅम टाकलं तर द्रावण दहा अंशांनी तापतं. ते गरम असतानाच आम्लात ओतलं तर तुम्ही मोजाल ती विरघळण्याची आणि उदासिनीकरणाची खिचडी. दोन्ही द्रावणं प्रयोगाच्या टेबलावर एकमेकांशेजारी ठेवा म्हणजे दोन्ही एकाच तापमानाला येतील. आम्ल विरल करताना नेहमी आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात कधीच नाही. चष्मा आणि हातमोजे घालूनच हे करा. अल्कली डोळ्यात गेली तर ती आम्लापेक्षाही वाईट.

आणखी एक युक्ती. सोडियम हायड्रॉक्साइडचे दाणे हवेतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड शोषतात, त्यामुळे वजनाने केलेलं १ मोलार (लिटरमागे एक मोल) द्रावण खरोखर १ मोलार नसतं. ते मुद्दाम थोडं जास्त संहत करा, १.१ मोलार, आणि आम्लाची संहती अनुमापन करून (माहीत संहतीच्या द्रावणाशी ताडून) नक्की करा. मग किती मोल पाणी तयार झालं हे आम्लच ठरवतं, आणि अल्कलीतली चूक उत्तरात येत नाही.

आता कृती. पेल्यात ५० मिलिलिटर १.० मोलार आम्ल घ्या. घड्याळ सुरू करा आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहा, तीन मिनिटांपर्यंत. काही होत नसताना वाचनं कशाला, असं वाटेल. त्याचं उत्तर पुढे आहे. साडेतिसऱ्या नव्हे, बरोबर चौथ्या मिनिटाला ५० मिलिलिटर अल्कली एका दमात ओता, झाकण लावा आणि एकसारखं ढवळत राहा. पुन्हा दर अर्ध्या मिनिटाला वाचन, दहाव्या मिनिटापर्यंत. एक जण वाचणारा आणि दुसरा लिहिणारा असेल तर काम नीट होतं.

मग आलेखकागद. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर तापमान. आधी सपाट रेषा, मग उडी, मग हळूहळू उतरणारी रेषा दिसेल. उतार सांगतो की पेला हवेला उष्णता देतोय. म्हणजे तुम्ही वाचलेलं सर्वोच्च तापमान येईपर्यंतही थोडी उष्णता निसटलेलीच होती. उतरती रेषा पट्टीने मागे, चौथ्या मिनिटापर्यंत वाढवा. ती जिथे त्या उभ्या रेषेला छेदते, ते तापमान खरं: अभिक्रिया क्षणात झाली असती आणि काहीच निसटलं नसतं तर दिसलं असतं ते. सुरुवातीची सपाट रेषाही तशीच चौथ्या मिनिटापर्यंत पुढे न्या. दोन्हींमधलं उभं अंतर हाच तुमचा तापमानफरक.

समजा सुरुवात २७.० ची, वाचलेलं सर्वोच्च तापमान ३३.२ आणि आलेखावरून आलेलं ३३.५. आता एकच प्रयोग तीन प्रकारे सोडवून बघा. द्रावणाचं वस्तुमान १०० ग्रॅम धरू आणि विशिष्ट उष्माधारकता पाण्याचीच, ४.१८. (मिठाच्या द्रावणाची घनता थोडी जास्त आणि उष्माधारकता थोडी कमी असते. दोन्ही चुका एकमेकींना बऱ्याच अंशी खोडतात.)

आलेखही नाही आणि पेल्याचा वाटाही नाही: ४१८ × ६.२ = २५९२ ज्यूल. मोल ०.०५, म्हणून मोलमागे ५१.८ किलोज्यूल.

आलेख काढला, पेला विसरला: ४१८ × ६.५ = २७१७ ज्यूल, मोलमागे ५४.३.

दोन्ही केलं: (४१८ + १७) × ६.५ = २८२८ ज्यूल, मोलमागे ५६.६.

साधनं तीच, द्रावणं तीच. परीक्षक "उष्णता वातावरणात गेली" एवढ्या वाक्यावर गुण देतात, पण ती किती गेली हे काढता येत असताना नुसतं वाक्य लिहून थांबण्यात मजा नाही.

उलट्या दिशेने : युरिया

याच पेल्यात १०० ग्रॅम पाणी घ्या आणि १० ग्रॅम युरिया टाकून भराभर ढवळा. खताच्या पोत्यातला चालतो. त्यावर असलेल्या कडुनिंबाच्या तेलाच्या लेपाचा परिणाम इथे नगण्य आहे. तापमान पाचेक अंशांनी उतरेल. समजा आलेखावरून ५.२ आले. (११० × ४.१८ + १७) × ५.२ = २४८० ज्यूल. युरियाचं रेणुवस्तुमान ६०, म्हणजे १० ग्रॅम म्हणजे ०.१६७ मोल. उत्तर मोलमागे अधिक १४.९ किलोज्यूल. प्रमाण आकडा सुमारे १५ आहे. काटेकोर बोलायचं तर ही रासायनिक अभिक्रिया नव्हे, विरघळण्याची प्रक्रिया आहे, पण हिशेबाची रीत तीच. नवसागरही असाच थंडावा देतो, मोलमागे जवळपास तेवढाच. घातक काहीच नसल्याने आठवी-नववीच्या मुलांना मी आधी युरियाच करायला देईन.

थेट मोजता येत नाही तेव्हा

पांढऱ्या, निर्जल मोरचुदावर (कॉपर सल्फेटवर) पाण्याचे थेंब टाकले की ते निळं होतं आणि हाताला गरम लागतं. ही उष्णता पेल्यात मोजता येईल का? येत नाही. घन स्फटिकांनी मोलमागे नेमके पाच मोल पाणी सारख्या प्रमाणात शोषलं पाहिजे, कुठे कमी नाही, कुठे विरघळलंही नाही पाहिजे. ते जमत नाही.

इथे जर्मेन हेस कामाला येतो. हा रसायनशास्त्रज्ञ जिनिव्हात जन्मला आणि रशियात सेंट पीटर्सबर्गला काम करत होता. गंधकाम्ल आधी कमी-जास्त विरल करून मग अमोनियाने उदासीन केलं, तर टप्प्यांची उष्णता वेगळी येते पण बेरीज तीच राहते, हे त्याने पाहिलं आणि १८४० मध्ये नियम मांडला: वाट कोणतीही घ्या, सुरुवात आणि शेवट तोच असेल तर एकूण उष्णता तीच.

म्हणून आपण दोन आडवाटा मोजू. निळं मोरचूद खलून बारीक करा आणि १०.० ग्रॅम तोला. त्यात ०.०४ मोल आहे, आणि स्फटिकजल (स्फटिकात बांधलेलं पाणी) ३.६ ग्रॅम आहे. म्हणून ते ९६.४ ग्रॅम पाण्यात विरघळवा. तापमान जेमतेम एक अंश उतरेल. दुसऱ्या वेळी निळं मोरचूद चिनी मातीच्या बशीत मंद आचेवर, पांढरं होईपर्यंत तापवा, झाकून गार करा, आणि त्यातलं ६.४ ग्रॅम १०० ग्रॅम पाण्यात टाका. काळपट छटा आली तर आच जास्त झाली, ती खेप टाकून द्या. या वेळी तापमान पावणेसहा अंशांच्या आसपास वाढेल. पाण्याच्या वजनातला हा फरक मुद्दाम ठेवला आहे, म्हणजे दोन्ही वेळा शेवटी हुबेहूब तेच द्रावण उरतं.

प्रमाण आकडे असे: निर्जल विरघळताना उणे ६६.५, निळं विरघळताना अधिक ११.७. निर्जल ते द्रावण ही वाट म्हणजे निर्जल ते निळं आणि निळं ते द्रावण या दोन वाटांची बेरीज. म्हणून सजलीकरणाची एन्थॅल्पी −६६.५ − ११.७ = −७८.२ किलोज्यूल प्रति मोल. तुमचं उत्तर ७० ते ८५ मध्ये आलं तरी खूश व्हा, कारण निळ्या मोरचुदाचा एका अंशाचा फरक मोजताना ०.१ अंशाची चूकही दहा टक्के होते. उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, माशांना तांबं फार विषारी असतं. बाटलीत साठवा, ते पुढच्या प्रयोगाला चालतं.

ज्वलन : पेला पुरत नाही तिथे

स्पिरिटच्या दिव्यावर डब्यातलं १०० ग्रॅम पाणी तापवायचं, दिव्याचं वजन आधी आणि नंतर करायचं, हा प्रयोग पुस्तकात असतो. समजा ०.८० ग्रॅम स्पिरिट जळलं आणि पाणी ३० अंशांनी तापलं. १०० × ४.१८ × ३० = १२.५ किलोज्यूल, म्हणजे ग्रॅममागे १५.७. शुद्ध इथेनॉलचा खरा आकडा २९.७ आहे. जवळपास निम्मी उष्णता गायब. ज्योतीभोवतीची हवा तापते, डबा तापतो, काजळी धरते, स्पिरिटात पाणीही असतं. ज्योतीला पत्र्याचा आडोसा लावून सुधारणा होते, पण आलेखाची युक्ती इथे पुरी पडत नाही, कारण निसटलेली उष्णता पाण्यात कधी आलेलीच नसते.

म्हणून पदार्थ बंद भांड्यातच जाळायचा. जाड पोलादी भांड्यात एक ग्रॅमभर नमुना, वर साधारण ३० वातावरण दाबाने ऑक्सिजन, ठिणगीसाठी बारीक तार, आणि हे सगळं पाण्यात बुडवलेलं. याला बॉम्ब कॅलरीमापी म्हणतात. पेल्यासाठी आपण गरम पाणी वापरलं, तसा इथे स्थिरांक काढायला बेंझोइक आम्ल जाळतात, कारण त्याची ज्वलनउष्णता ग्रॅममागे २६.४३ किलोज्यूल इतकी पक्की माहीत आहे. बंद भांड्यात आकारमान स्थिर असतं, दाब नाही, म्हणून मिळतो तो आंतरिक ऊर्जेतला बदल. उघड्या पेल्यात मिळायची ती एन्थॅल्पी. इथेनॉलसाठी दोहोंत मोलमागे फक्त अडीच किलोज्यूलचा फरक आहे, १३६७ च्या समोर किरकोळ.

हे यंत्र कॉलेजात कपाटात असतं, पण कोळशाच्या व्यवहारात रोज चालतं. २०१२ पासून भारतात कोळशाची प्रत एकूण उष्मांकावर, किलोग्रॅममागे किती किलोकॅलरी यावर ठरते. चंद्रपूर किंवा कोराडीच्या वीजकेंद्रात कोळसा येतो तेव्हा त्याच्या नमुन्याची गोळी अशाच भांड्यात जळते, आणि अवघ्या काही अंशांच्या तापमानवाढीवर गाडीभर मालाची किंमत अवलंबून असते. तिथे वादही व्हायचे ते होतात, पण बहुधा तापमापीवरून नव्हे. नमुना ढिगाच्या कुठल्या कोपऱ्यातून उचलला आणि त्यात ओल किती होती, यावरून.